घराचा नकाशा आधी चालून बघा



मागच्या भागात आपण प्लॉट कसा बघावा आणि काळ्या मातीत पाया कसा घ्यावा यावर बोललो. आज त्या पायावर उभ्या राहणाऱ्या घराची आतली मांडणी. व्हिडिओमध्ये मी गच्चीवर खडूने रेघा मारून सगळं दाखवलं होतं. पुस्तकात ती सोय नाही, म्हणून इथे आकडे जरा जास्त आलेत. ते फूट-इंचांत देतोय, कारण तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा नाहीतर हैदराबादला, आपले मिस्त्री आणि सुतार अजून टेप इंचाच्या बाजूनेच वाचतात.

माझ्या चुकीपासूनच सुरुवात करतो. १९९७ साली आम्ही महूजवळ घर बांधलं. मी तेव्हा ईशान्येकडे होतो. नकाशा टपालाने आला. मी तो मेसच्या टेबलावर पसरला, दोन सहकाऱ्यांना दाखवला, त्यांनी वाहवा केली आणि मी सही करून परत पाठवला. नकाशावर विसंबून पलटण हलवायची नसते, आधी जमीन पायाखाली घालून यायची असते, हे मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवत होतो. स्वतःचं घर मात्र कागदावर मंजूर केलं.

घर देखणं झालं. माळव्यातला पाऊस लक्षात घेऊन जोतं दोन फुटांचं, समोर चार रुंद पायऱ्या, आत हॉल मोठा, बेडरूमकडे जाणारा तीन फुटी बोळ आणि त्याच्या टोकाला बाथरूम. बारा वर्षं कुणाची काही तक्रार नव्हती.

२००९ च्या पावसाळ्यात आई पहाटे बाथरूममध्ये पडली. ती तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. दार आत उघडणारं, आणि आई नेमकी दाराला टेकून पडलेली. दार ढकललं की तिलाच लागायचं. बिजागऱ्याही आतल्या बाजूला, म्हणजे दार काढावं तर तेही जमेना. शेवटी शेजारचा मुलगा झरोक्याच्या काचा काढून आत उतरला. यात पाऊण तास गेला. मी दीड हजार किलोमीटरवर फोन कानाला लावून बसलो होतो.

खुब्याचं हाड मोडलं होतं. स्ट्रेचर आलं ते बोळात वळेना. चौघांनी आईला चादरीत घालून बाहेर काढलं. खुबा मोडलेल्या माणसाला चादरीत उचलणं म्हणजे काय, ते सौ. आजही बोलत नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. आई व्हीलचेअरवरून घरी आली, आणि मग कळलं की खुर्ची बाथरूमच्या दारातून जात नाही. नकाशात दार ३० इंचांचं होतं. पण ते ३० इंच भिंतीतल्या मोकळ्या जागेचे. चौकट दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंच खाते, राहिले २५. दार उघडून उभं राहिलं की त्याची जाडी सव्वा इंच जाते. हातात उरले पावणेचोवीस. साधी व्हीलचेअर २५-२६ इंच रुंद असते. दोन इंचांसाठी आई सात महिने पलंगाशेजारी ठेवलेल्या कमोडच्या खुर्चीवर राहिली. तिने तक्रार केली नाही, ती फक्त पाणी कमी प्यायला लागली. आम्हाला वाटलं पावसाळा आहे, तहान लागत नसेल. डॉक्टरांनी लघवीचा संसर्ग सांगितला तेव्हा उलगडा झाला की मधे कुणाला आत बोलवायला लागू नये म्हणून ती तहान मारत होती.

मी रजेवर आलो तेव्हा एकदाच म्हणाली, "घर छान बांधलंस रे, पण मला आत ठेवून बाहेरून कडी लावल्यासारखं वाटतं."

अंगणात तुळस होती. चार पायऱ्या खाली.

आता मुद्द्याकडे येतो. फौजेत कॉलम चालतो तो सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. घराचंही तसंच आहे. आपण घर आखतो ते आपल्या चांगल्या दिवसांसाठी: पाहुणे आलेत, दिवाळी आहे, सगळे धडधाकट आहेत. घराची परीक्षा होते ती घरातल्या सगळ्यात कमजोर माणसाच्या सगळ्यात वाईट दिवशी. हा कमजोर माणूस दर वेळी म्हातारा असतो असंही नाही. पाय प्लास्टरमध्ये असलेला कॉलेजचा मुलगा, बाळंतीण, दोन वर्षांचं पोर, दोन्ही हातांत सामान घेऊन आलेले तुम्ही, सगळे त्यात आले.

जगात या विचाराला युनिव्हर्सल डिझाइन हे नाव दिलं रोनाल्ड मेस या अमेरिकन वास्तुविशारदाने. त्याला लहानपणी पोलिओ झाला होता. नॉर्थ कॅरोलायनात वास्तुशास्त्र शिकताना वर्गात जायला त्याला उचलून जिन्यावरून न्यावं लागे, आणि त्याची खुर्ची तिथल्या स्वच्छतागृहात मावत नसे. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आहे, त्याच वर्षीची राष्ट्रीय इमारत संहिता आहे आणि केंद्रीय गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाने २०२१ साली काढलेली सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांचा जोर सार्वजनिक इमारतींवर. तुमच्या बंगल्यात तुमचा बोळ मोजायला कुणी येणार नाही, तो तुम्हालाच मोजायचाय. पण त्या कागदपत्रांतले आकडे फुकट आहेत आणि विचार करून काढलेले आहेत, ते जरूर वापरा. माझे बरेचसे तिथलेच आहेत.

दार

सुताराला एकच वाक्य सांगा: "दार पूर्ण उघडल्यावर मला ३२ इंच मोकळे हवेत." ३६ मिळाले तर उत्तम, संहितेलाही तेवढेच हवे असतात. "दार तीन फुटी करा" असं सांगू नका. त्याचा तीन फूट वेगळा, आर्किटेक्टचा वेगळा, तुमचा वेगळा. ३२ मोकळे हवे असतील तर भिंतीत जागा निदान ३८-३९ इंच सोडावी लागते. हे वीटकाम चालू असताना सांगितलं तर खर्च जवळजवळ शून्य. नंतर भिंत फोडा, टाइल फोडा, चौकट नवी करा, रंग द्या. आमच्याकडे ते तीन आठवडे चाललं, आणि त्या तीन आठवड्यांत घरातलं एक बाथरूम बंद.

बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करा किंवा सरकतं करा. कडी बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी मिळते, ती लावा. या दोन गोष्टी तुम्ही आज राहत्या घरातही करू शकता. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा.

उंबरठ्याबद्दल बोललं की घरात वाद होतो, आमच्याकडेही झाला. सौ.चं म्हणणं, उंबरठ्याशिवाय लक्ष्मीपूजन कसं करायचं? मुख्य दाराला ठेवला, पण अर्धा इंच उंच, म्हणजे चार सूत, आणि दोन्ही बाजूंनी उतरता. हळदीकुंकू वाहता येतं आणि चाकही जातं. आतल्या खोल्यांना उंबरठा हवाच कशाला?

दिशांबद्दलही इथेच सांगून टाकतो. वास्तुशास्त्र मानायचं का, यात मी पडणार नाही. स्वयंपाकघर आग्नेयेला हवं तर ठेवा. दाराची रुंदी वाढवायला कुठल्याच दिशेची हरकत नसते.

पलंग ते संडास

घरातला सगळ्यात महत्त्वाचा रस्ता हाच, रात्री दोन वाजताचा. हॉलमधून डायनिंगला जाणाऱ्या रस्त्यावर आर्किटेक्ट तासभर बोलतो, याच्याबद्दल अवाक्षर नाही.

तळमजल्यावर एक झोपायची खोली हवी आणि तिला लागून बाथरूम हवं. लागून म्हणजे बोळ ओलांडून नव्हे. पलंगाच्या ज्या बाजूने माणूस उतरतो तिथे तीन फूट मोकळे. पलंग गादीसकट १८ ते २० इंच उंच. आजकालचे खाली पेट्या असलेले पलंग उंच होतात, बुटक्या माणसाचे पाय लोंबकळतात. पाय टेकून बसता आलं पाहिजे, म्हणजे उठताना तोल जात नाही. उशाशी दिव्याचं बटण, आणि त्याच दिव्याचं दुसरं बटण दाराशी. रस्त्यावर जमिनीपासून फूटभर उंचीवर छोटे दिवे, माणूस हलला की लागणारे. वरचा झगझगीत दिवा लावला की म्हाताऱ्या डोळ्यांना क्षणभर काहीच दिसत नाही. त्या रस्त्यावर पायपुसणं, गालिचा, तिपाई काही नको.

आता बाथरूम. आत व्हीलचेअर पूर्ण फिरायला पाच फूट व्यासाचं वर्तुळ लागतं. आपल्या घरांत बाथरूम पाच बाय आठ असतं, त्यामुळे लोक म्हणतात जमणार नाही. जमतं, पण बेसिन आणि कमोड दोन्ही आखूड टोकांना ढकलून मधलं मोकळं ठेवावं लागतं, आणि बेसिन खाली पाय नसलेलं, भिंतीवर टांगलेलं घ्यावं लागतं, म्हणजे खुर्चीचे पाय त्याखाली जातात. सहा बाय आठ मिळालं तर चिंताच नको. तो एक फूट हॉलमधून घ्या. हॉल एक फुटाने लहान झालेला कुणाला कळत नाही.

कमोडचा मध्य बाजूच्या भिंतीपासून दीड फुटावर, म्हणजे भिंतीवरची दांडी हाताच्या टप्प्यात येते. दुसऱ्या बाजूला तीन फूट मोकळे, खुर्चीवरून सरकायला किंवा मदतीच्या माणसाला उभं राहायला. सीटची उंची १८ ते १९ इंच. दुकानात सहसा मिळतं ते १५-१६ इंचांचं असतं, गुडघेदुखीवाल्याला ते विहिरीत उतरल्यासारखं वाटतं. दांडी दीड इंच जाड, भिंतीपासून दोन इंच सुटी, सीटपासून आठ-नऊ इंच वर.

आणि ही दांडी कशात बसवणार, हे बांधकामाच्या वेळीच ठरवा. पडणारा माणूस सगळं वजन तिच्यावर टाकतो. चार इंची विटेच्या किंवा हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत साधे प्लास्टिकचे प्लग ठोकून बसवलेली दांडी ऐन वेळी हातात येते. दांडी जिथे येणार तिथला पट्टा काँक्रीटने भरून घ्या, किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट घ्या. आज दांडी लावायची नसली तरी पट्टा भरून ठेवा, त्याचा फोटो काढा आणि घराच्या फाइलमध्ये ठेवा. मी पाहिलंय, माणूस पडताना टॉवेलची दांडी धरतो, कारण दुसरं काही धरायला नसतं. टॉवेलची दांडी टॉवेलचंच वजन पेलते.

फरशी खरखरीत हवी. बाथरूमची जमीन खोलीच्या जमिनीशी सपाट ठेवायची तर पाणी बाहेर येईल, असं मिस्त्री म्हणणार. त्याचं चुकत नाही, कारण त्याला उतार द्यायला कुणी जागाच ठेवलेली नसते. बाथरूमखालचा स्लॅब खोल टाकलेला असेल तर आठ फुटांत एक इंचाचा उतार सहज बसतो. आंघोळीच्या जागेपुढे आडवी लांब जाळी टाका, पाणी तिथेच थांबतं. कमोडची बाजू कोरडी राहते, आणि कोरडी फरशी हा पडण्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

रॅम्प

आईसाठी मी फोनवरून रॅम्प करायला सांगितला. मिस्त्रीने केला. दोन फूट उंचीला आठ फूट लांब. तो स्कूटर चढवायचा उतार होता. आपल्याकडे घरोघरी रॅम्प दिसतो तो स्कूटरचाच असतो. त्यावरून व्हीलचेअर वर ढकलायला दोन माणसं लागली, आणि खाली आणताना मीच घसरलो.

हिशेब सोपा आहे. एक इंच उंचीला बारा इंच लांबी. दोन फूट जोत्याला चोवीस फूट रॅम्प. समोर आमची जागा जेमतेम दहा फूट, म्हणून रॅम्प बाजूच्या मोकळ्या जागेतून घराला लागून नेला आणि जिथे वळतो तिथे पाच बाय पाचचा सपाट कट्टा ठेवला. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा, आणि कडेला चार इंचांची पाळ, चाक निसटू नये म्हणून. काळ्या मातीवर रॅम्प करताना एक लक्षात ठेवा: ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. माती उकरून काढा, मुरूम भरा, थराथराने धुम्मस करा, मगच काँक्रीट. आमचा पहिला रॅम्प एका उन्हाळ्यात मधोमध तडकला होता. वर कोटा बसवला तर पॉलिश करू नका.

खरं तर सगळ्यात चांगला रॅम्प म्हणजे रॅम्पची गरजच न पडणं. नवीन बांधत असाल तर फाटकापासून दारापर्यंतची जमीनच हळूहळू चढती ठेवता येते का ते आर्किटेक्टला विचारा. लेव्हल बांधकामाआधी ठरली तर पुष्कळदा जमतं, आणि कुणाला रॅम्प आहे असं वाटतही नाही.

दुसऱ्या रॅम्पवरून आई वॉकर घेऊन अंगणात गेली तेव्हा पडण्याला चौदा महिने झाले होते. तुळस सौ.ने जगवली होती.

स्वयंपाकघर

इथे सौ. बसून माझं लिखाण दुरुस्त करतेय, म्हणून सांभाळून लिहितो.

ओटा ३४ इंचांचा, ही अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. कुणाच्या अंगाच्या मापाने? उभ्या माणसाचं कोपर जमिनीपासून मोजा आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करा, ती त्याच्या ओट्याची उंची. सौ. पाच फूट एक इंच, तिला ३३-३४ बरोबर बसतो. आमची पुतणसून पाच फूट सात इंच, तिला तो खाली पडतो आणि पाठ धरते. एका घरात दोघी राबत असतील, किंवा नवरेही राबत असतील (राबावंच), तर ओट्याचे दोन भाग दोन उंचींचे करा. आणि शेगडीचा भाग तीन-चार इंच खाली घ्या, कारण शेगडी पाच इंच, वर कढई पाच इंच, म्हणजे ढवळणारा हात खांद्याला येतो.

ओट्याचा अडीच फुटांचा एक तुकडा खालून पूर्ण मोकळा ठेवा, उंची ३० इंच. खुर्चीवर बसून भाजी निवडता-चिरता येते. आईला स्वयंपाकघरात परत आणलं ते या तुकड्याने. त्याआधी ती बाहेरच्या खोलीत बसून "मेथी निवडायला आणा गं" असं हाका मारत असे. स्वयंपाकघरातून माणूस बाहेर गेलं की घरातला त्याचा अधिकारही बाहेर जातो, हे मला तेव्हा दिसलं.

गॅसचा सिलिंडर उभाच ठेवायचा, शेगडी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून ओट्याखालच्या कपाटाला अगदी खाली जाळी हवी. नुसता वरचा एक्झॉस्ट फॅन पुरत नाही. सिलिंडर बाहेर ठेवून पाइप आत आणता आला तर फारच छान, भरलेला सिलिंडर आत ओढावा लागत नाही.

आणखी थोडं

दिव्याची बटणं सहसा साडेचार फुटांवर असतात, ती साडेतीनवर आणा. प्लग जमिनीलगत नको, दीड-दोन फुटांवर. जिन्याची पायरी सहा इंच उंच, बारा इंच खोल, कठडा दोन्हीकडे, आणि पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी; एका रंगाच्या ग्रॅनाइटचा जिना मोतीबिंदू असलेल्याला घसरगुंडीसारखा दिसतो. देवघर जमिनीवरून उचलून खुर्चीवर बसून पूजा करता येईल इतकं वर. वर मजला असेल तर दोन्ही मजल्यांवर एकावर एक येतील अशा पाच बाय पाचच्या अडगळीच्या खोल्या ठेवा, आणि मधल्या स्लॅबला चारही बाजूंनी बीम. पुढे लिफ्ट लागली तर तेवढा तुकडा कापता येतो.

फ्लॅटमध्ये राहणारे म्हणतील, आमच्या हातात काय? बाथरूमचं दार उलटं फिरवणं, दांड्या, कमोडची उंची वाढवणारी सीट, दिवे, बटणं, एवढं तर आहेच. फ्लॅट घ्यायचाय त्यांनी टेप बरोबर न्यावा. नमुना फ्लॅटमध्ये सोफा बघू नका. बाथरूमचं दार मोजा आणि लिफ्टची खोली मोजा. पुष्कळ इमारतींच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं जातच नाही.

चुन्याचं घर

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते सांगतो. मोहिमेआधी आम्ही वाळूत त्या प्रदेशाची प्रतिकृती करतो, सँड मॉडेल म्हणतात तिला. प्रत्येकजण तिच्याभोवती उभा राहून आपण कुठून कुठे जाणार ते बोलून दाखवतो. घरासाठी मी हेच करायला सांगतो, फक्त खऱ्या मापाने.

२०२२ साली माझा पुतण्या बडोद्याला घर बांधायला निघाला. प्लॉट तीस बाय पन्नास. मी चुन्याची फक्की घेऊन गेलो. दोन तासांत तळमजला पूर्ण मापात जमिनीवर आखला. भिंती दुहेरी रेघेने, जाडीसकट. एका रेघेची भिंत आखली की खोली फसवी मोठी दिसते. पलंगाच्या जागी चादर, फ्रिजच्या जागी खोका, कमोडच्या जागी प्लास्टिकची खुर्ची.

"काका, हे ड्रिल आहे का?" पुतण्या म्हणाला.

"हो, आहे," मी म्हटलं. "चल, रात्रीचे दोन वाजलेत. पलंगावरून ऊठ."

चार फेऱ्या करायच्या. पहिली पलंगावरून संडासात. दुसरी आजारी माणसाला पलंगावरून फाटकापर्यंत, दोघांनी सात फुटांची शिडी धरून. तीन फुटी बोळात काटकोनात स्ट्रेचर आडवं वळत नाही, चार फुटीत वळतं, हे त्या शिडीने पाच मिनिटांत सिद्ध केलं. तिसरी फेरी सिलिंडर आणि किराणा घेऊन फाटकापासून ओट्यापर्यंत. चौथी, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये चहाचा ट्रे. आणि महत्त्वाचं म्हणजे या फेऱ्या आर्किटेक्टने किंवा घरमालकाने करायच्या नाहीत. ज्याचं जे काम त्याने करायची.

वहिनी ट्रे घेऊन निघाल्या आणि मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "भावजी, मला इथून फाटक दिसत नाही. दुपारी घरात एकटी असते मी. कोण आलंय ते बघायला दर वेळी हॉल ओलांडून जाऊ?" तीन महिने नकाशा घरात होता, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. स्वयंपाकघराची खिडकी चार फूट सरकली.

अडलं ते दादापाशी. तळमजल्यावरची खोली त्याची, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. दादा एकाहत्तर वर्षांचा, रोज चार किलोमीटर चालणारा. रेघेच्या बाहेर उभा राहिला, आत येईना. "मला वरची गॅलरीची खोली हवी. तुम्ही मला आत्तापासून खाली काढताय." कुणी काही बोललं नाही. मला आईचं ते कडीचं वाक्य आठवलं. सोयीच्या नावाखाली आम्हीही बाहेरून कडीच लावत होतो.

शेवटी असं केलं: वरची गॅलरीची खोली दादा-वहिनींची. खालची खोली नकाशात पाहुण्यांची, त्यात दादाची पुस्तकं आणि रेडिओ. बाथरूम मात्र सहा बाय आठ, दार बाहेर उघडणारं, ३४ इंच मोकळं, भिंतीत काँक्रीटचा पट्टा भरलेला. दांडी लावली नाही, दादाला ती डोळ्यांसमोर नको होती.

गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी सुतार येऊन दोन तासांत दांड्या लावून गेला. दादा पाच आठवडे खालच्या खोलीत राहिला, मग वॉकर तिथेच कोपऱ्यात ठेवून वर राहायला गेला. रेडिओ अजून खालीच आहे. दुपारी जेवण झालं की तो तिथे पडून गाणी ऐकतो.